साखर बांधायची कशी? कॉन्जुगेट लशींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लस बनवणाऱ्या एका कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये मी काही वर्षं काढली. आता लातुरात बीएस्सीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवतो. कॉन्जुगेट लस म्हणजे जंतूच्या आवरणाची साखर प्रथिनाला बांधून केलेली लस. खालचे प्रश्न तीन ठिकाणांहून आलेत: वर्गातून, गल्लीतल्या आयांकडून आणि माझ्या चुलतबहिणीकडून. ती औसा तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नर्स आहे, आणि गावातले लोक तिला जे विचारतात ते ती फोन करून मला विचारते. काही उत्तरं दोन ओळींत उरकलीत, काही लांबलीत, कारण तो विषय निघाला की मला थांबता येत नाही. आपल्या लेकराच्या तब्येतीबद्दलचा प्रश्न मात्र डॉक्टरांनाच विचारा.

लशीत साखर असते म्हणता, म्हणजे नेमकं काय?

न्यूमोनियाचा जंतू न्यूमोकोकस, हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी), मेंदूज्वराचा मेनिंगोकोकस, टायफॉइडचा जंतू हे सगळे अंगावर एक बुळबुळीत आवरण घेऊन फिरतात. हे आवरण साखरेच्या लांबच लांब साखळ्यांचं असतं. त्याला पॉलिसॅकराइड म्हणतात. आपल्याकडे समजवायला उसाइतकं सोपं उदाहरण नाही: एक कांडी, मग पेर, मग पुन्हा तशीच कांडी, अशा शेकडो कांड्या एकापुढे एक. कांडीतल्या साखरा कोणत्या आणि पेरावरचा जोड कसा, एवढ्यावरून जंतूची जात ठरते. एकट्या न्यूमोकोकसच्या अशा नव्वदपेक्षा जास्त जाती आहेत.

हे आवरण म्हणजे जंतूची चोरवाट. ते अंगावर असलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशींना त्याला धरून गिळता येत नाही, हातातून मासा निसटावा तसा तो निसटतो. आवरणाला प्रतिपिंडं (जंतू ओळखून त्याला चिकटणारी रक्तातली प्रथिनं) चिकटली की पकड मिळते. म्हणून लशीत जंतू नसतो, फक्त त्याचं हे आवरण घेतात.

मग नुसती साखरच टोचायची. प्रथिनाचा खटाटोप कामून?

कारण बारक्या लेकरांना नुसत्या साखरेचा उपयोग होत नाही.

मोठ्या माणसात नुसती साखर बऱ्यापैकी काम करते. १९४५ साली अमेरिकन सैनिकांवर न्यूमोकोकसच्या चार जातींची साखर वापरून झालेली चाचणी यशस्वी ठरली होती, आणि १९८३ पासून वापरात असलेली २३ जातींची लस आजही मोठ्यांना देतात. साखरेच्या साखळीवर तोच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. त्यामुळे ती बी-पेशीच्या, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशीच्या, अंगावरचे बरेच ग्राहक (जंतू ओळखून धरणारे हात) एकदम ओढते, आणि एवढा झटका बसला की बी-पेशी कुणाला न विचारता प्रतिपिंडं सोडायला लागते. पण कुणाला न विचारता केलेल्या कामाच्या मर्यादा असतात. मदतनीस टी-पेशी या व्यवहारात येतच नाहीत. त्या न आल्यामुळे प्रतिपिंडांचा दर्जा सुधारत नाही आणि जंतूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी तयार होत नाहीत. काही वर्षांनी सगळं ओसरतं.

दोन वर्षांच्या आतल्या लेकरात तर एवढंही होत नाही. या कामाच्या बी-पेशी प्लीहेच्या एका कडेला असतात आणि तो भाग त्या वयात पिकलेला नसतो. पंचाईत अशी की मेंदूज्वर आणि गंभीर न्यूमोनिया सगळ्यात जास्त गाठतो तो नेमका याच वयात. १९८५ मध्ये अमेरिकेत हिबची नुसत्या साखरेची लस आली, ती दीड-दोन वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी. तोवर निम्मं नुकसान होऊन गेलेलं असायचं.

आणखी एक त्रास फारसा कुणाला माहीत नसतो. काही साखरांचा डोस पुन्हा दिला की दुसऱ्यांदा प्रतिसाद पहिल्यापेक्षा कमी येतो. पहिल्या डोसने असलेल्या बी-पेशी खर्ची पडतात आणि त्यांची जागा घ्यायला स्मृतिपेशी नसतात. म्हणजे बियाणं दळून खाल्ल्यासारखं.

प्रथिन जोडल्याने आत काय बदलतं?

हे नीट समजलं की पुढचं सगळं सोपं जातं.

बी-पेशी साखर ओळखते आणि ओढून आत घेते. साखरेला प्रथिन (त्याला वाहक म्हणतात) बांधलेलं असेल तर तेही फरपटत आत जातं. पेशी प्रथिनाचे बारीक तुकडे करते आणि ते आपल्या अंगावर मांडून टी-पेशीला दाखवते. टी-पेशी साधारणपणे साखर वाचत नाही, प्रथिनाचे तुकडे वाचते. तिला तो तुकडा ओळखीचा वाटला की ती बी-पेशीला हिरवा कंदील दाखवते. गंमत बघा: टी-पेशीने ओळखलं वाहक म्हणून बांधलेल्या धनुर्वाताच्या प्रथिनाला, आणि त्या जोरावर बी-पेशी प्रतिपिंडं बनवते न्यूमोकोकसच्या साखरेविरुद्ध. शिफारस एकाच्या नावाची, नोकरी दुसऱ्याला.

हे जमायला दोघं एकाच पेशीत एकदम गेले पाहिजेत. साखर आणि प्रथिन एका बाटलीत नुसतं कालवून चालत नाही. रासायनिक बंधच हवा. १९२९ ते १९३१ दरम्यान न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ॲव्हरी आणि गोबेल यांनी हे सशांवर दाखवून दिलं होतं. त्यांनी न्यूमोकोकसच्या तिसऱ्या जातीची साखर घोड्याच्या रक्तातल्या प्रथिनाला जोडली. ही युक्ती माणसाच्या कामी यायला अर्धं शतक गेलं. मधल्या काळात पेनिसिलिन आलं आणि लस कशाला हवी असं सगळ्यांना वाटायला लागलं. पुढे रॉबिन्स आणि श्नीरसन यांची एक जोडी आणि अँडरसन आणि स्मिथ यांची दुसरी यांनी हिबवर तेच सूत्र उचललं. १९८७ मध्ये पहिली कॉन्जुगेट लस बाजारात आली. वैद्यकीय संशोधनासाठीचा १९९६ चा लास्कर पुरस्कार या चौघांना मिळाला.

जोडतात कसं?

आता माझ्या आवडीचा भाग. साखर आणि प्रथिन आपणहून एकमेकांना चिकटत नाहीत. दोघांपैकी एकाला, बहुधा साखरेला, आधी तापट करावं लागतं. त्याच्या मुख्य तऱ्हा सांगतो.

पहिली तऱ्हा पेरिऑडेटची. साखरेच्या कड्यावर जिथे शेजारीशेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असतात, तिथे पेरिऑडेट त्यांच्या मधला कार्बनचा बंध तोडतं. तुटल्या जागी दोन ॲल्डिहाइड तयार होतात. ते प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लाच्या अमाइन गटाला धरतात, आणि सोडियम सायनोबोरोहायड्राइड ती ढिली गाठ पक्की करतं. याला रिडक्टिव्ह अमिनेशन म्हणतात. जगात सगळ्यात जास्त खपलेल्या न्यूमोकोकस लशी याच रस्त्याने आल्या. गाठ टणक बसते, पण घाई चालत नाही, एकेक बॅच दिवस दिवस मुरवावी लागते. आणि किंमत अशी की बांधायला जागा करण्यासाठी साखरेचं कडंच फोडलेलं असतं. उसाला दोरी बांधायची म्हणून कांडीला कोयता मारण्याचा हा प्रकार. एखाददुसरा घाव चालतो. जास्त झाले तर तो ऊस राहत नाही.

दुसरी तऱ्हा सायनिलेशनची. पूर्वी यासाठी सायनोजन ब्रोमाइड वापरायचे. ते जहाल विषारी, शिवाय त्याला इतकं अल्कधर्मी पाणी लागायचं की नाजूक साखरा त्यातच मोडून जायच्या. १९९० च्या दशकात सीडीएपी नावाची पावडर वापरात आली. ती साखरेचं कडं न फोडता तिच्या हायड्रॉक्सिलवरच आकडा बसवते. काम मिनिटांत होतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची दहा जातींची न्यूमोसिल याच पद्धतीची. जागतिक आरोग्य संघटनेची तिला पूर्वमान्यता मिळाली डिसेंबर २०१९ मध्ये.

तिसरी तऱ्हा कार्बोडायइमाइडची. साखरेत कार्बॉक्सिल गट असेल तर उपयोगी. टायफॉइडचं व्ही-आय आवरण याचं उत्तम उदाहरण आहे. त्याच्या कड्यावर एका कार्बनवर ॲसिटॅमिडो, दुसऱ्यावर ॲसिटिल, तिसरा पुढच्या कडीला जोडलेला. शेजारीशेजारी मोकळे दोन हायड्रॉक्सिल कुठेच नाहीत, म्हणजे पेरिऑडेटला दात रोवायला जागाच नाही. पण प्रत्येक कडीवर कार्बॉक्सिल हजर. माझ्या वर्गात हा प्रश्न मी परीक्षेला घालतो: रचना दिली आहे, गाठ कोणती माराल? तीन पोरं दरवर्षी पेरिऑडेट लिहितात.

थायोईथरचीही एक तऱ्हा आहे. मर्क या औषध कंपनीच्या हिब लशीत ती वापरली आहे. क्यूबाची हिब लस तर आणखी पुढची, त्यातली साखर जंतूपासून काढलेली नसून प्रयोगशाळेत कडी कडी जोडून बनवलेली. २००४ मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला तेव्हा आमच्या क्षेत्रात बरीच चर्चा झाली होती.

यातलं रसायन कोणतंही असो, शेवटी मुख्य आकार दोन निघतात. साखरेचा आखूड तुकडा एका टोकाने प्रथिनाला बांधला, तर खुंट्याला शेळ्या बांधल्यासारखं दिसतं: मधे खुंटा, भोवती दाव्याच्या दोऱ्या. लांब साखळी मधेमधे बऱ्याच ठिकाणी बऱ्याच प्रथिनांना बांधली, तर बाजेच्या विणीसारखी जाळी होते. पहिल्या प्रकारात मोजमाप सोपं, दरवेळी तोच माल मिळतो. दुसऱ्यात रेणू अवाढव्य होतो आणि बी-पेशीला एका वेळी भरपूर ठिकाणी धरता येतं. कोणता चांगला असं सरसकट सांगता येत नाही, जो सांगतो त्याच्याकडे विकायला काहीतरी आहे असं समजा.

पद्धत बदलल्याने अंगात खरंच फरक पडतो, की हे कागदावरचं?

पडतो. न्यूमोकोकसच्या १९एफ जातीची गोष्ट त्यासाठी पुरेशी आहे.

लस दिल्यावर रक्त तपासायच्या दोन रीती आहेत. एलायझामध्ये प्रतिपिंडं साखरेला चिकटतात का ते बघतात. ऑप्सोनोफॅगोसायटिक चाचणीत त्या प्रतिपिंडांच्या मदतीने पांढऱ्या पेशी जिवंत जंतू मारतात का ते बघतात. एक हजेरीपट, दुसरं प्रत्यक्ष काम. रिडक्टिव्ह अमिनेशनने बांधलेल्या १९एफ मध्ये हजेरी भरपूर लागायची, कामाला मात्र त्या मानाने कमी. तीच साखर सायनिलेशनने बांधली तेव्हा तेवढ्याच हजेरीत मारण्याचं काम जास्त झालं. पेरिऑडेटने कडं फोडल्यावर साखळीचा वळणदार आकार बदलतो आणि काही प्रतिपिंडं त्या मोडक्या आकाराविरुद्ध तयार होतात. जंतूच्या अंगावर तो आकार नसतोच. हा त्याचा पटणारा खुलासा.

१९एफचा सख्खा भाऊ १९ए. दोघांच्या रचनेत फरक केवळ एका जोडाचा: ग्लुकोज ऱ्हॅम्नोजला १९एफ मध्ये दुसऱ्या कार्बनवर जोडलेलं, १९ए मध्ये तिसऱ्यावर. सात जातींच्या पहिल्या लशीत १९ए नव्हती. १९एफ वरून तिचंही काम भागेल अशी आशा होती, पण लस सुरू झाल्यावर कित्येक देशांत १९ए वाढली. सायनिलेशनने बनवलेल्या १९एफ कडून तिच्यावर थोडा जास्त धाक दिसतो. पुढे १३ जातींच्या लशीत १९ए थेट घातली, आणि न्यूमोसिलमध्येही ती आहे. सावध राहायला हवं ते एका गोष्टीत: या लशींमध्ये गाठ वेगळी तसं वाहक प्रथिनही वेगळं आहे. त्यामुळे सगळं श्रेय गाठीला द्यायला मी कचरतो.

दुसरी गोष्ट हिबची. डिप्थीरिया टॉक्सॉइडला (जंतूचं निर्विष केलेलं विष) बांधलेली पीआरपी-डी नावाची लस फिनलंडमध्ये ९४ टक्के परिणामकारक ठरली. तीच लस अलास्कातल्या मूळनिवासी लेकरांत ३५ टक्के. दोन्ही निकाल १९९० मध्ये आले. अलास्कात आजार फार कोवळ्या वयात गाठायचा आणि ही लस रंगात यायलाच दोन-तीन डोस घ्यायची. मेनिंगोकोकसच्या बाह्यपटलाला बांधलेली हिब लस मात्र दोन महिन्यांच्या बाळात पहिल्याच डोसला जागी होते, कारण त्या पटलातलं पोरिन स्वतःच रोगप्रतिकारक पेशींना डिवचतं. साखर तीच, जंतू तोच. बदललं ते सोबतीचं प्रथिन आणि गाठ, आणि त्यावर लेकराचं वाचणं-न वाचणं ठरलं. पुण्यामुंबईचे आकडे मराठवाड्याला जसेच्या तसे लावू नयेत असं मी म्हणतो ते यासाठीच.

साखरेवरचे ते ॲसिटिल गट गेले तर काय होतं?

साखर कोणती यावर आहे. टायफॉइडच्या व्ही-आयवरचं ॲसिटिल गेलं की लस जवळजवळ निकामी, प्रतिपिंडं मुख्यतः त्यालाच ओळखतात. मेनिंगोकोकस ए चंही तसंच. म्हणून जोडणी करताना अल्कधर्मी पाणी जपून वापरावं लागतं. उलट मेनिंगोकोकस सी ची एक लस मुद्दाम ॲसिटिल काढलेल्या साखरेपासून बनवतात आणि ती छान चालते. नियम शोधणाऱ्या विद्यार्थ्यांना हे आवडत नाही.

वाहक प्रथिन म्हणून काय वापरतात? धनुर्वाताची लस आधी झाली असेल तर अडचण येते का?

धनुर्वाताचा टॉक्सॉइड, डिप्थीरियाचा टॉक्सॉइड, हिमोफिलसचं प्रोटीन-डी, आणि सीआरएम-१९७. शेवटचं म्हणजे डिप्थीरियाचं विषच, पण ५२ व्या जागी ग्लायसिनऐवजी ग्लुटामिक आम्ल आल्यामुळे निर्विष झालेलं. टॉक्सॉइड बनवताना फॉर्मालिन वापरतात आणि त्यात बरेच लायसिन आधीच खर्ची पडतात. सीआरएमला फॉर्मालिन लागत नाही, त्यामुळे त्याचे लायसिन गाठीसाठी मोकळे राहतात. रसायनवाल्यांना ते लाडकं आहे ते त्यामुळे.

अडचणीबद्दल: कधी कधी येते. वाहकाविरुद्ध आधीच भरपूर प्रतिपिंडं असतील तर ती लशीवर आधी झडप घालतात आणि साखर झाकली जाते. बऱ्याच वेळा उलटही होतं, ओळखीच्या प्रथिनामुळे टी-पेशी लवकर हजर होतात. एकाच दिवशी एकाच वाहकाच्या तीन-चार लशी पडल्या तर ओढाताण वाढते, म्हणून दहा जातींच्या एका परदेशी लशीत बहुतेक साखरा प्रोटीन-डीला बांधल्या आहेत. आपल्या वेळापत्रकात हा हिशेब आधीच केलेला आहे, आयांनी त्याची काळजी करायचं कारण नाही.

लशीत न बांधलेली, सुटी साखर राहते का?

थोडी राहतेच. ती जास्त झाली तर ती बी-पेशीचा ग्राहक अडवते आणि टी-पेशीला काहीच दाखवत नाही, म्हणजे वर सांगितलेला बियाणं दळण्याचा प्रकार. म्हणून तिला मर्यादा असते.

हे मोजायचं काम माझ्याकडे होतं. नमुन्यात डीऑक्सिकोलेट घालायचं, मग आम्ल. प्रथिन आणि त्याला बांधलेली साखर पांढरा साका होऊन खाली बसते, सुटी साखर वरच्या नितळ पाण्यात राहते. ते पाणी काढून ऑर्सिनॉल घालून तापवलं की हिबच्या साखरेतल्या रायबोजमुळे हिरवा रंग चढतो. जितका गडद, तितकी सुटी साखर जास्त. ३७ अंशांना मुद्दाम ठेवलेल्या नमुन्यांत आठवड्यागणिक हिरवा गडद होत जाताना बघणं हा या नोकरीतला सगळ्यात शांत भीतिपट. एकदा वरचं पाणी काढताना माझ्या पिपेटचं टोक साक्याला लागलं. बांधलेली साखरही सुट्या साखरेत मोजली गेली आणि चांगली बॅच दोन दिवस अडकली. चूक माझी होती हे तिसऱ्या दिवशी दुसऱ्याने तीच चाचणी केली तेव्हा कळलं. त्या दिवसापासून मी पिपेट धरताना श्वास रोखतो, आता कॉलेजातसुद्धा.

आमच्याकडे टँकरचं पाणी. टायफॉइडची जुनी लस आणि नवी यात फरक काय?

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला येत होती तेव्हा हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारायचं. जुनी लस नुसत्या व्ही-आय साखरेची आहे. ती दोन वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत आणि दर तीन वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते. नवी लस तीच साखर प्रथिनाला बांधून केलेली, सहा महिन्यांपासून पुढे एक डोस. हैदराबादच्या भारत बायोटेकच्या लशीत वाहक धनुर्वाताचा टॉक्सॉइड आहे, जागतिक आरोग्य संघटनेने तिला डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता दिली. नेपाळमधल्या चाचणीत तिची परिणामकारकता ८१.६ टक्के दिसली. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने ती मुलांना मोहिमेतून दिली. आपल्याकडे बहुतेक पालक ती खाजगीत घेतात. परवडत असेल तर कॉन्जुगेटच घ्या, पावतीवर नाव वाचून घ्या. आणि लस घेतली म्हणून पाणी उकळायचं सोडू नका.

सरकारी दवाखान्यातली लस हलकी असते का?

नाही. पेंटाव्हॅलंट (पेंटा, पाच आजारांवरची एकत्र लस) मधला हिब आणि पीसीव्ही (न्यूमोकोकसची लस) दोन्ही कॉन्जुगेट आहेत. जातींच्या संख्येत फरक असतो, दर्जात नाही.

मे महिन्यात ४३ अंश असतं. लस उन्हाने मरत नाही का?

उन्हापेक्षा मला बर्फाची भीती जास्त वाटते.

कॉन्जुगेट लशी २ ते ८ अंशांत ठेवायच्या. उष्णतेने साखरेची साखळी हळूहळू तुटते, खास करून जिथे जोड फॉस्फेटचा आहे तिथे. मेनिंगोकोकस ए ची साखर या बाबतीत फार नाजूक, म्हणून ती वाळवून पावडर करून ठेवतात. सीरमने आफ्रिकेसाठी बनवलेली मेनॅफ्रिव्हॅक अशीच पावडरची. तिच्यात साखरेवर ॲल्डिहाइड आणि धनुर्वाताच्या प्रथिनावर हायड्राझाइन बसवून गाठ जलद मारली होती. पद्धत अमेरिकेच्या एफडीए या सरकारी औषध नियामक संस्थेतून आली, डोसची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत राहिली. डिसेंबर २०१० मध्ये ती बुर्किना फासो, माली आणि नायजरमध्ये सुरू झाली, आणि पुढे ४० अंशांपर्यंतच्या उष्णतेत चार दिवस नेण्याचीही तिला परवानगी मिळाली. चांगलं रसायन फ्रीजचं ओझं कमी करतं ते असं.

पेंटा आणि पीसीव्हीत मात्र ॲल्युमिनियमचं मीठ असतं. ते गोठलं की गुठळ्या होतात आणि पुन्हा वितळवून काही उपयोग नाही. माझी बहीण सकाळी आइसपॅक डीप फ्रीजरमधून काढून टेबलावर मांडते, त्यांना घाम फुटू देते, मग एकेक कानाशी धरून हलवते. आतून खळखळ ऐकू आली तरच तो कॅरिअरमध्ये जातो. नवीन पोरी घाईने दगडासारखा आइसपॅक भरतात आणि कडेची बाटली गोठते. शंका आली तर शेक टेस्ट: एक मुद्दाम गोठवून वितळवलेली बाटली आणि एक संशयातली, दोन्ही हलवून शेजारी ठेवायच्या. गोठलेलीत साका भराभर खाली बसतो. बाटलीवरचा चौकोन भोवतीच्या गोलाएवढा गडद झाला असेल तर ती लस उष्णतेने गेली, तीही टाकायची.

लसीत साखर आहे तर शुगरच्या पेशंटला चालते का?

चालते. टायफॉइडच्या एका डोसात २५ मायक्रोग्रॅम साखर असते. चहाच्या एका चमच्यात पाच ग्रॅम धरले तर ते त्याच्या दोन लाख पट. उलट मधुमेह्यांना न्यूमोकोकसची लस घ्यायला डॉक्टर आवर्जून सांगतात.

टी-पेशी साखर वाचत नाही म्हणालात, पण आमच्या पुस्तकात वेगळं आहे.

शाबास. २०११ मध्ये ॲवची, कॅस्पर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गाठीजवळचा साखरेचा छोटा तुकडा प्रथिनाच्या तुकड्यासकट बी-पेशीच्या अंगावर मांडला जाऊ शकतो, आणि काही टी-पेशी ती साखरच ओळखतात. खरं असेल तर गाठीभोवतीची साखर शाबूत ठेवण्याला आणखी महत्त्व येतं. सगळ्याच साखरांना हे लागू आहे असं मात्र समजू नका. गाठीबद्दल आणखी एक: साखर आणि प्रथिन यांच्या मधला दुवा म्हणून टणक कड्याचा रेणू घातला तर तोच सगळ्यांचं लक्ष वेधतो आणि प्रतिपिंडं त्याच्याविरुद्ध बनतात. दुवा दिसू नये इतका साधा असावा.

पुढे काय येतंय?

गाठ कुठे पडेल हे आता नशिबावर न सोडता ठरवता येतं. प्रथिनात ठरलेल्या जागी वेगळं अमिनो आम्ल बसवून फक्त तिथेच साखर जोडायची, म्हणजे टी-पेशीने वाचायचा भाग उघडा राहतो. दुसरीकडे ई-कोलाय जंतूलाच एक विकर देऊन त्याच्या पोटात साखर आणि प्रथिन जोडून घेतात. माझ्यासारख्याला यात थोडं वाईट वाटतं, सायनोबोरोहायड्राइडचा वास विसरायचा म्हणजे.

आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो, फेब्रुवारी-मार्चमध्ये परततो. लेकराचा डोस चुकला. पहिल्यापासून सुरू करायचं का?

नाही, जिथे थांबलं तिथून पुढे. बीड, धाराशिव, परभणीकडच्या टोळ्यांतून हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर त्या गाठीतच आहे: प्रथिन बांधलेलं असल्यामुळे पहिल्या डोसने स्मृतिपेशी तयार केलेल्या असतात. उशीर झाला तरी त्या बसून राहतात आणि दुसऱ्या डोसला ओळख देतात. फक्त मधल्या काळात रक्तातली प्रतिपिंडं कमी असतात, आणि फडावर कोपीत धूर, थंडी, दाटीवाटी सगळं असतं, म्हणून उशीर नको तेवढा लांबवू नका.

पेंटा ६, १० आणि १४ आठवड्यांना, पीसीव्ही ६ आणि १४ आठवड्यांना आणि बूस्टर ९ महिन्यांना गोवरच्या लशीबरोबर. तो बूस्टर सगळ्यात जास्त चुकतो. वय वर्षाच्या पुढे गेलं असेल तर नियम थोडे बदलतात, नर्सबाईंना विचारा. कारखाना सांगलीचा असो की बेळगावचा, जवळच्या सरकारी केंद्रात लस फुकट मिळते, गावचा पत्ता आड येत नाही. कार्ड मात्र सोबत हवं. बहिणीच्या गावात गेल्या हंगामात एका बाईने कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून तो मुकादमाला, सासूला आणि नर्सबाईला असा तिघांना पाठवून ठेवला होता. कोपी भिजली, कार्ड गेलं. फोटोवरून नऊ महिन्यांचा डोस तिथल्या तिथे झाला.